वर्षाची चटणी श्रावणात का बुरसते? कांदा-लसूण चटणी, टप्प्याटप्प्यानं

एप्रिल-मेमध्ये मला फोन येतात ते प्रमाणासाठी. "वहिनी, किलोला कांदा किती घालू?" ऑगस्टमध्ये त्यातल्याच दोन-चार घरांतून पुन्हा फोन येतो. "वहिनी, बरणी उघडली तर वरनं पांढरं धरलंय."

साताऱ्याकडं चटणी म्हणजे रोजच्या कालवणात पडणारं कांदा-लसणाचं तिखट. घराघराचं वेगळं, आणि प्रत्येक घर आपल्याच प्रमाणाची शपथ घेणार. माझी खटावची आत्या मिरचीच्या बरोबरीनं कांदा घालते. वाळव्याची जाऊ निम्मा घालते आणि आत्याच्या चटणीला "गोड भुकटी" म्हणते. दोघींची चटणी पुढच्या होळीपर्यंत टिकते. तेव्हा प्रमाणावर कितीही भांडा, चटणी नासते ती ओलाव्यानं, आणि ओलावा शिरतो तो कामांचा क्रम चुकला की. म्हणून इथं प्रमाण थोडक्यात सांगते आणि क्रम सविस्तर.

## आधी ठरवा: कधी आणि किती

होळी झाल्यापासून वळीव सुरू होईपर्यंत, एवढाच काळ हाताशी असतो. मिरचीचा नवा माल आलेला असतो, उन्हाळी कांदा निघत असतो, आणि ऊन कडक असलं तरी हवा कोरडी असते. मे अर्धा सरला की दुपारी चारला आभाळ कधी भरून येईल सांगता येत नाही. गच्चीवर पाच किलो मिरची, आपण बाजारात, आणि टपोरे थेंब सुरू, हे माझ्या घरी एकदा झालंय. तेव्हापासून आमच्याकडं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात चटणी उरकते.

किती करायची ते असं काढा. चौघांच्या घरात रोज दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम चटणी लागते. वर्षाला झाली साडेपाच किलो. खालच्या प्रमाणानं किलोभर मिरचीची अडीच किलोच्या आसपास चटणी होते, म्हणजे मिरची सव्वादोन किलो पुरे. पाव्हणेरावळे, जत्रा धरून अडीच घ्या. लेकीला आणि पुण्याच्या भावाला डबा द्यायचा असेल तर तो आधीच धरा, नाहीतर दिवाळीतच बरणीचा तळ दिसतो.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडं राहत असाल तर वर्षाची एकदम करू नका. तिकडच्या पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात. निम्मी एप्रिलात आणि निम्मी दिवाळीनंतर करा. माण-खटावात ही अडचण नाही.

किलोभर मिरचीला (देठ काढून वजन) आमचं प्रमाण: कांदा १ किलो, सोललेला लसूण ३०० ग्रॅम, सुकं खोबरं २५० ग्रॅम, धने २५० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, जिरे ५०, खसखस ४०, हळकुंड ५०, मोहरी २५, मेथी १०, खडा हिंग २०, खडे मीठ ३०० ग्रॅम, शेंगतेल ३०० मिली. खडा मसाला: मिरी, दालचिनी, दगडफूल प्रत्येकी १५ ग्रॅम, लवंग, मसाला वेलची, चक्रीफूल, तमालपत्र, शहाजिरे प्रत्येकी १०, जायपत्री आणि नाकेशर (नागकेशर) ५-५ ग्रॅम. यात तुमच्या घरचं प्रमाण बसवलंत तरी पुढचा क्रम तोच राहतो.

## टप्पा १: मिरची घेणं

एकाच जातीची मिरची घेऊ नका. ब्याडगी रंग देते, तिखट बेताची. संकेश्वरी चव आणि तिखटपणा दोन्ही देते. लवंगी निव्वळ जाळ. किलोला ब्याडगी ५०० ग्रॅम, संकेश्वरी ३५० आणि लवंगी १५० घेतली की कालवणाला लाल तवंग येतो आणि नाकातून पाणीही येतं. घरात लहान पोरं असतील तर लवंगी ५० ग्रॅमवर आणा आणि तेवढी ब्याडगी वाढवा.

दुकानात ढिगाच्या वरची मिरची बघू नका. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खालची मूठ काढा. तुटू नये म्हणून किंवा वजन भरावं म्हणून कधीकधी मालावर पाणी मारलेलं असतं आणि ते खालच्या थरात कळतं. चांगली मिरची हलवली की आत बी वाजतं. दमट मिरची दोन बोटांत वाकते, मोडत नाही.

ब्याडगी सुरकुतलेली असते, म्हणून दहा-बारा मिरच्या फाडूनच बघा. बाहेरून लालभडक आणि पोटात राखाडी-काळी निघाली तर तो माल घेऊ नका. ही आतली बुरशी आहे. काही बुरशींतून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजून किंवा शिजवून जात नाही. "उन्हात टाकली की जाईल" असं दुकानदार म्हणेल. उन्हानं ओल जाते, विष जात नाही.

बी काढलं की चटणी कमी तिखट होते, असं पुष्कळ जणी सांगतात. तिखटपणा मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरेत असतो; बी तिला चिकटलेलं असतं म्हणून तेही तिखट लागतं. आमच्याकडं बी टाकत नाहीत, फक्त देठ काढतात.

## टप्पा २: मिरचीचं ऊन

क्रम लक्षात ठेवा: आधी ऊन, मग देठ, मग पुन्हा ऊन. दमट मिरचीचा देठ ओढला की टोपीसकट निघत नाही, बुडखा तसाच राहतो. एक दिवस उन्हात तापली की देठ चटकन सुटतो.

पहिल्या दिवशी सकाळी दहाला गच्चीवर जुनं सुती धोतर किंवा साडी पसरा. प्लॅस्टिकचा कागद नको, त्याच्याखाली घाम धरतो. मिरची एकावर एक न चढवता पसरा आणि दुपारी एकदा वरखाली करा. चार वाजले की गोळा करून घरात आणा, कापडानं झाका. रात्रभर गच्चीवर ठेवली तर दिवसभर गेलेली ओल पहाटेपर्यंत परत येते. "तीन दिवस वाळवली हो!" म्हणणाऱ्या निम्म्या घरांत ती तीन रात्रीही गच्चीवरच असते.

दुसऱ्या दिवशी देठ काढा. हाताला आधी खोबरेल चोळा. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो; म्हणून आग झाल्यावर नळाखाली हात धरून उपयोग नसतो. तेल चोळा, मग साबणानं धुवा.

तपासा: तिसऱ्या दिवशी दुपारी मूठभर मिरची आवळा. कडकड आवाज येऊन चुरा झाला पाहिजे. मूठ उघडल्यावर मिरची पुन्हा फुगली तर अजून एक दिवस ऊन हवं.

## टप्पा ३: कांदा, म्हणजे सगळ्या बिघाडाचं मूळ

कांद्यात ८५ ते ९० टक्के पाणी असतं. किलोभर कांदा म्हणजे जवळपास पावणेनऊशे ग्रॅम पाणी, आणि त्यातलं सगळं बाहेर काढल्याशिवाय तो बरणीत जाता कामा नये. बहुतेक जणी कांदा चिरतात आणि सरळ तेलात टाकतात. वरून तपकिरी होतो, वास सुटतो, आणि झाला म्हणून उतरवतात.

मीही तेच केलं होतं. त्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी बरणी उघडली. वर काहीच नव्हतं. चमचा घातला तर बाजूनं, चिनी मातीला लागून, अंगठ्याएवढा हिरवट-पांढरा डाग. तो भाग फोडला तर आत कांद्याचा एक धागा सापडला, काळा आणि मऊ, लोकरीसारखा. साडेचार किलो चटणी खड्ड्यात घातली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या वर्षी त्यांनी भाकरीबरोबर चटणी मागितली नाही.

आता असं करते:

१. कांदा उभा, पातळ आणि एकसारखा चिरायचा. जाड-पातळ झाला की पातळ करपतो आणि जाड आत ओला राहतो.

२. पाकळ्या सुट्या करून कापडावर दोन दिवस कडक उन्हात. वरून पातळ ओढणी टाका, माश्या बसत नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी कांदा कागदासारखा वाजायला लागतो आणि ढीग एवढासा होतो. घाबरू नका, पाणीच गेलंय.

३. मग तेलात तळायचा, थोडा थोडा, मध्यम आचेवर. कढई भरून टाकला की तो तळला जात नाही, वाफेवर शिजतो.

४. रंग बदामी झाला की झाऱ्यानं काढा. गडद तपकिरी होईपर्यंत थांबू नका. काढल्यावरही स्वतःच्या उष्णतेनं तो पुढं जातो. करपलेला एक घाणा सगळ्या चटणीला कडू करतो.

५. कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. झाकण ठेवू नका.

तपासा: गार झालेला कांदा चिमटीत चुरडा. कुरकुरत भुगा झाला पाहिजे. बोटाला चिकटला किंवा ताणला गेला तर कढईत मंद आचेवर परत घाला.

शंका असेल तर माझी बाटलीची चाचणी करा. कोरडी काचेची बाटली घ्या, त्यात मूठभर तळलेला कांदा टाका, झाकण घट्ट लावून तासभर उन्हात ठेवा. झाकणाच्या आतून धुकं धरलं तर कांदा अजून ओला आहे.

## टप्पा ४: लसूण, आलं, कोथिंबीर

इथं दोन पंथ आहेत. वाळव्याकडं जाऊबाई कच्चा लसूण खडेमिठाबरोबर ठेचून डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, शेवटी घालतात. वास घरभर दरवळतो, मान्य. पण लसणातही निम्म्याहून जास्त पाणी असतं. जाऊबाई मीठ जास्त घालतात, म्हणून त्यांचं निभतं. मी लसूण सोलून, ठेचून, एक दिवस उन्हात ठेवून मग तेलात कुरकुरीत तळते. कच्च्याची चव हवीच असेल तर त्या चटणीची छोटी वेगळी बरणी करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा.

आलं घालू नका, सुंठ घाला. कोथिंबीर वर्षाच्या चटणीत घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ताजी कालवणात घालायला कोणी अडवलंय?

## टप्पा ५: मसाला भाजणं

सगळा खडा मसाला एकदम कढईत टाकून परतायचा, ही नेहमीची चूक. दालचिनी तापेपर्यंत दगडफुलाचा कोळसा होतो. प्रत्येक जिन्नस वेगळा, आणि या क्रमानं:

आधी कोरडे: तीळ, खसखस, मग किसलेलं खोबरं. तीळ तडतडले की उतरवा. खोबरं भाजण्याआधी प्रत्येक वाटीचा तुकडा खाऊन बघा. एक खवट वाटी सगळी चटणी खवट करते, आणि ते महिन्याभरानं कळतं, तोवर उपाय उरत नाही.

मग चमचाभर तेलात धने, जिरे, मोहरी. त्यानंतर मेथी, जेमतेम लालसर होईपर्यंत. पुढं गेली की कडू.

मग खडा मसाला, जाड ते पातळ: दालचिनी, मसाला वेलची, चक्रीफूल, लवंग, मिरी, शहाजिरे, नाकेशर, जायपत्री, तमालपत्र आणि सगळ्यात शेवटी दगडफूल. दगडफुलात खडे-माती असते, ते आधी निवडून, पाखडून घ्या. धुवायचं असेल तर आठवडाभर आधी धुऊन वाळवा, आदल्या दिवशी नव्हे.

शेवटी जास्त तेलात हळकुंड आणि हिंग. हिंगाचा खडा फुलून हलका झाला पाहिजे. आत चिकट राहिला तर डंकावर त्याची गोळी होते. हळकुंड आधी खलबत्त्यात फोडून घ्या.

मीठही कढईत कोरडं भाजायचं. ही पायरी बहुतेक जणी गाळतात. खडेमीठ दिसायला कोरडं असतं, पण तापल्या कढईत टाकलं की वाफ दिसते आणि तडतड ऐकू येते. तो आवाज थांबेपर्यंत परता.

सावध: डब्यांवर झाकणं लावायची घाई नको. सगळं गार झाल्यावरच डबे बंद.

## टप्पा ६: डंकावर

मिक्सरवर वर्षाची चटणी होत नाही असं नाही, पण भांडं तापतं, चटणीला वाफ धरते आणि भुगाही एकसारखा पडत नाही. डंकावरच न्या, आणि नंबर आदल्या दिवशी लावा. एप्रिलात सकाळी आठला गेलात तरी आधी चार-पाच पिशव्या रांगेत असतात.

मिरची मात्र सकाळी न्यायची नाही. दुपारी बाराचा नंबर घ्या, मिरचीला अकरापर्यंत ऊन दाखवा आणि तापलेली मिरची पिशवीत भरून थेट डंक गाठा. मिरची गरम न्यायची, चटणी गार भरायची. पुष्कळ घरांत नेमकं उलटं होतं.

तिथं गेल्यावर आधी कुणाचं कुटून झालंय ते विचारा. गोडा मसाला असेल तर त्याचा वास तुमच्या चटणीत येणार. डंकवाल्या मामांना ब्रशनं उखळ आणि चाळण झाडून द्यायला सांगा. ओल्या फडक्यानं पुसायला लागले तर हात धरा. तोंडाला ओढणी, डोळ्यांना चष्मा, आणि लहान पोराला घरीच ठेवा.

कुटायचा क्रम:

१. मिरची आणि हळकुंड. बारीक कुटून, चाळून, चाळणीवरचं पुन्हा उखळात.

२. धने-जिरे आणि खडा मसाला, हिंगासकट. हेही चाळायचं.

३. तीळ, खसखस, खोबरं, कांदा, लसूण आणि मीठ. यांना तेल सुटतं, म्हणून हे शेवटी, आणि चाळायचं नाही. हे आधी टाकलं तर चाळणीची भोकं बुजतात आणि मामांचा पारा चढतो.

४. तिन्ही एकत्र करून पुन्हा डंकाखाली, रंग एकसारखा होईपर्यंत. मधूनमधून उचलून बघा. मूठ वळली पाहिजे आणि बोटानं ढोसल्यावर सुटली पाहिजे.

तेल उरलं असेल तर कडवून, पूर्ण गार करून याच वेळी घाला. गरम तेल ओतलं की मिरची जागच्या जागी करपते, रंग मातकट होतो.

न्यायच्या डब्यात सुती कापड अंथरा. चटणी हाताला चांगली गरम लागते. झाकण घट्ट न लावता वर नुसतं कापड बांधून घरी आणा.

## टप्पा ७: गार करणं आणि भरणं

घरी आल्यावर लगेच बरणी भरायची नाही. परातीत किंवा कापडावर पसरून, वर पातळ कापड टाकून रात्रभर पंख्याखाली ठेवा. गरम भरलेली चटणी बरणीत घाम सोडते आणि तो घाम झाकणाला लागून परत चटणीवर पडतो.

सकाळी पुन्हा बाटलीची चाचणी. धुकं आलं तर चटणी पातळ कापडाखाली दिवसभर उन्हात. रंग थोडा उतरेल, उतरू द्या.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची. दोन दिवस आधी धुऊन, उन्हात पालथी आणि मग उताणी वाळवलेली. तळाला हिंगाचा खडा, मग चटणी थराथरानं, मुठीनं दाबत. पोकळ भरली की हवा राहते. वर पुन्हा हिंगाचा खडा, कागद, झाकण, आणि वरून दादरा, म्हणजे तोंडाला बांधायचं कापड. एका मोठ्या बरणीपेक्षा तीन मध्यम बऱ्या. एक बिघडली तर दोन वाचतात. ठेवायच्या अंधाऱ्या जागी, पण फरशीवर किंवा भिंतीला टेकून नव्हे, खाली पाट घालून.

## टप्पा ८: रोजचा वापर, आणि शपथेचे नियम

रोजच्या डबीत आठवड्यापुरतीच काढा. मोठी बरणी आठवड्यातून एकदा, कोरड्या हातानं, आंघोळीनंतर केस ओले असताना नाही. आणि उकळत्या कालवणावर डबी धरून चटणी झटकू नका. रटरटत्या आमटीची वाफ सरळ डबीत जाते. आधी वाटीत काढा, मग घाला.

नियम तर बरेच ऐकले. हिंगाचा खडा? ठेवा, वास छान राहतो, पण माझ्या त्या वर्षीच्या बरणीत दोन खडे होते, बुरशीनं त्यांना जुमानलं नाही. अमावस्येला कुटू नये? त्या दिवशी डंकावर गर्दी कमी असते, मी मुद्दाम जाते. पाळीतल्या बाईनं शिवलं की चटणी नासते? चटणीला ओला हात कळतो, बाकी काही कळत नाही. लाकडी चमचा वापरावा? वापरा, पण धुतल्यावर तो स्टीलपेक्षा उशिरा वाळतो हे ध्यानात ठेवा.

आषाढ लागला की बरणीत एकदा डोकवा. गठ्ठे झाले असतील, पण वास चांगला आणि रंग एकसारखा असेल, तर तेलानं बांधलेली आहे, चमच्यानं मोडा. कुबट वास आला किंवा पांढरा-हिरवा ठिपका दिसला तर वरचा थर काढून खालची वापरू नका. ती सगळी बरणी टाकायची.

भरताना प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवा: तारीख, मिरचीचं वजन, जातवार किती, मीठ किती. पुढच्या वर्षी आठवत नाही, आणि जाऊबाईंना आठवतं ते त्यांच्या सोयीचं असतं. माझ्या यंदाच्या चिठ्ठीवर खाली पेन्सिलीनं लिहिलंय: मीठ २५ ग्रॅम कमी, लवंगी आहे तेवढीच.